डबल काचेच्या खिडकीत धुकं साचलंय? सोलापूरच्या घरांसाठी पहिल्यापासून माहिती

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत नवीन घर बांधणारे बरेच जण आता खिडक्यांना डबल काच लावून घेतात. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, रस्त्याची धूळ थांबत नाही आणि हायवेजवळ घर असेल तर रात्रभर ट्रकचे हॉर्न. खर्च मोठा असतो, म्हणूनच तीन-चार वर्षांत काचेच्या आत धुकं दिसायला लागलं की जीव हळहळतो. फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवून बसवणारा, येऊन बघतो आणि म्हणतो, "काका, पूर्ण खिडकीच बदलावी लागेल." त्याला लगेच होकार देऊ नका. बहुतेक वेळा चौकट, पल्ला, हँडल सगळं धडधाकट असतं, बदलायची असते फक्त काच. कधीकधी तर तीसुद्धा बदलावी लागत नाही.

आत काय असतं ते आधी बघा

दोन काचा आणि मध्ये साधारण १२ मिलिमीटरची पोकळी. दोन्ही काचांच्या कडेने अॅल्युमिनियमची एक पोकळ पट्टी फिरवलेली असते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टीत ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. काचेला नाक लावून बघितलंत तर पट्टीवर बारीक छिद्रांची रांग दिसेल. पोकळीतली ओल दाण्यांपर्यंत पोचावी म्हणून ती ठेवलेली असते. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइलचा काळा चिकट थर असतो, तो वाफ अडवतो. त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचं किंवा सिलिकॉनचं सील असतं, ते दोन्ही काचा धरून ठेवतं. हा संच कारखान्यातून बंद होऊनच येतो. फॅब्रिकेटर त्याला डीजीयू म्हणतात. बिलावर ५-१२-५ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ५ मिलिमीटरची काच, १२ची पोकळी, पुन्हा ५ची काच. एकूण जाडी २२ मिलिमीटर.

घरात खरोखर डबल काच आहे का, हेही एकदा तपासा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च काचेजवळ थोडा तिरका धरा आणि काचेतली प्रतिबिंबं मोजा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागाचं एक, म्हणून चार दिसली पाहिजेत. उष्णता रोखणाऱ्या कोटिंगच्या काचेचे पैसे दिले असतील तर चारांपैकी एका प्रतिबिंबाचा रंग वेगळा दिसतो. आपल्याकडच्या उन्हासाठी ते कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवं, म्हणजे खोलीतून मोजताना तिसरं प्रतिबिंब वेगळ्या रंगाचं. दुसरंच वेगळं दिसलं तर काच उलटी बसली असण्याची शक्यता आहे. मग फॅब्रिकेटरला हीच चाचणी त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवा. चारही प्रतिबिंबं एकाच रंगाची असतील तर बिल काढून बघा, कोटिंगची काच लिहिली आहे का.

ओल नेमकी कुठे आहे?

सगळं निदान या एका प्रश्नावर आहे. आतून बोटाने काच पुसा. ओल पुसली गेली तर ती खोलीतली वाफ आहे, काचेचा दोष नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, पहाटे गारठा असतो, खिडक्या लावलेल्या असतात, घरात ओले कपडे वाळत घातलेले असतात किंवा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या असतात. अशा वेळी आतल्या अंगाला पाणी दिसू शकतं. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, एखादी खिडकी किलकिली करा. त्यावर खर्च करू नका.

बाहेरून पुसल्यावर गेलं तर तोही दोष नाही. पावसाळ्यात रात्रभर एसी चालला की सकाळी काचेच्या बाहेरच्या अंगाला दव दिसतं आणि ऊन चढलं की जातं.

दोन्हीकडून पुसूनही धुकं तसंच राहिलं, तर मात्र ते पोकळीत आहे. म्हणजे सील कुठेतरी फुटलंय, बाहेरची दमट हवा आत शिरतेय आणि पट्टीतले दाणे भरून गेलेत. सुरुवातीला असं धुकं येतं-जातं. सकाळी दिसतं, दुपारी नाहीसं होतं आणि माणूस म्हणतो, "गेलं वाटतं." गेलेलं नसतं. काही महिन्यांनी ते कायमचं बसतं आणि पुढे काचेवर आतून पांढरे ओघळ उमटतात, ते पुसायला हात पोचत नाही. धुकं पहिल्यांदा दिसलं त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

बोअरच्या पाण्याने काच धुतल्यावर उरणारे पांढरे डाग हा वेगळा प्रकार. ते वरवरचे क्षार असतात. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ फडक्याने पुसा. संडास साफ करायचं अॅसिड काचेजवळही नेऊ नका, त्याने अॅल्युमिनियम खराब होतं. कधी काचेत इंद्रधनुष्यासारखे फिकट पट्टे दिसतात, काच दाबली की ते सरकतात. सारख्या जाडीच्या दोन सपाट काचांमधून प्रकाश जाताना तसं होतं. टफन काचेवर सकाळ-संध्याकाळ तिरप्या उजेडात करडे ठिपके दिसतात, तेही काच तापवून घट्ट करण्याच्या प्रक्रियेतून आलेले असतात. दोन्हींमध्ये काळजीचं काही नाही.

सील का जातं, आणि तुमच्या हातात काय आहे

सीलवर दोन बाजूंनी ताण येतो. पहिला उन्हाचा. बंद पोकळीतली हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढू पाहतो. काचा किंचित फुगतात, रात्री पुन्हा बसतात. हे रोज चालतं आणि प्रत्येक वेळी कडेचं सील ओढलं जातं. म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांवर आधी लक्ष ठेवा. ऊन आपल्या हातात नाही, पण काचेवर बाहेरून सावली पाडणं आहे.

दुसरा ताण पाण्याचा, आणि तो जवळपास पूर्ण आपल्या हातात आहे. यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) असो की अॅल्युमिनियम, प्रत्येक चौकटीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी भोकं असतात. बाहेरच्या अंगाला, कधी प्लॅस्टिकच्या छोट्या टोपीखाली. पावसाचं थोडं पाणी रबराच्या फटीतून चौकटीत उतरणारच, ते गृहीत धरूनच खिडकी बनवलेली असते. ते या भोकांतून निघून गेलं पाहिजे. सोलापुरात आठ महिने धूळ उडते. ती ट्रॅकमध्ये बसते, भोकांत जाते आणि वळवाचा पहिला पाऊस आला की चिखल होऊन भोकं बुजतात. त्यानंतर पाणी चौकटीत तुंबतं आणि डबल काचेची खालची कड दिवसेंदिवस पाण्यात उभी राहते. कुठलंही सील सतत पाण्यात राहण्यासाठी बनवलेलं नसतं. धुकं खालच्या कोपऱ्यातून वर चढत असेल तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या.

आसरा चौकाजवळच्या एका ओळखीच्या काकूंच्या हॉलच्या खिडकीत असंच झालं होतं. बीडिंगची, म्हणजे काच चौकटीत दाबून धरणारी पट्टी काढली तेव्हा खाली दोन बोटं काळपट पाणी साचलेलं होतं आणि काच ज्यावर उभी असते ते प्लॅस्टिकचे ठोकळेच तिथे नव्हते. बसवणाऱ्याने काच थेट चौकटीवर टेकवली होती. काकूंनी चार वर्षं खिडकी मनापासून पुसली होती, पण ती भोकं कुणी त्यांना दाखवलीच नव्हती.

म्हणून दर वर्षी मेच्या मध्यावर, वळीव यायच्या आधी, हे करा. ट्रॅकमधली धूळ कोरड्या ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने किंवा फडक्याने उचला. मग पेलाभर पाणी ट्रॅकमध्ये ओता आणि बाहेरच्या भोकांतून ते येतंय का बघा. येत नसेल तर झाडूची काडी किंवा केबल टाय भोकात फिरवा. तार किंवा स्क्रूड्रायव्हर नको, आतलं प्लॅस्टिक चिरतं. वरच्या मजल्यावर बाहेर वाकून हे करू नका. आतून पाणी ओतून खालून कुणाला तरी बघायला सांगा. रंगकाम झालं असेल तर हमखास तपासा, कारण रंगारी ही भोकं पुट्टीने किंवा सिलिकॉनने बंद करून टाकतात. त्यांना ती फट वाटते.

पाऊस घरात येतोय

खिडकीखाली भिंत ओली दिसली की लोक काचेला दोष देतात. पाणी कुठून येतंय हे पाइपने शोधता येतं, फक्त क्रम महत्त्वाचा: खालून वर. एक जण आत टिश्यू पेपर घेऊन उभा राहील, दुसरा बाहेरून साध्या धारेने पाणी सोडेल. आधी फक्त खिडकीखालची दगडी कट्टी, दहा मिनिटं. आत काही आलं नाही तर चौकट आणि भिंत यांमधला जोड. मग काच आणि रबर यांचा जोड. सगळ्यात शेवटी वरची कड आणि छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

बहुतेक वेळा चोर सापडतो तो चौकट आणि भिंतीच्या जोडात. तिथे पीयू फोम (फुगून फट भरणारा फेस) भरलेला असतो आणि त्यावरून सिलिकॉनची रेघ. सिलिकॉन सुटून फोम उघडा पडला की उन्हाने पिवळा होतो आणि भुगा होतो. हा फोम खरवडून, जागा कोरडी करून पुन्हा भरायचा आणि वरून सिलिकॉन मारायचं, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मे महिन्यात ते सकाळी लवकर करून घ्या. दुपारी गडद रंगाच्या चौकटीला हात लावता येत नाही, तिथे सिलिकॉन नीट धरत नाही. कट्टीचा उतार आतल्या बाजूला असेल तर मात्र गवंडीच लागेल, खिडकीवाल्याकडे त्यावर उपाय नाही.

आवाज, धूळ आणि गरम हवा

"डबल काच लावली तरी आवाज येतोच," ही तक्रार खूप ऐकू येते. वारा असलेल्या दिवशी पंखे बंद करा, उदबत्ती पेटवून पल्ल्याच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर जिथे हलेल तिथे फट आहे. उघडणाऱ्या खिडकीला कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही. रबर कडक झालं असेल, कोपऱ्यात आखडलं असेल किंवा लॉकचे बिंदू सैल असतील. रबर मीटरवर मिळतं आणि काच न काढता बदलता येतं. सरकत्या खिडकीत रबराऐवजी केसाळ ब्रशची पट्टी असते, ती आपल्या धुळीने लवकर चपटी होते. रस्त्याकडेच्या बेडरूमसाठी सरकती खिडकी निवडली असेल तर ब्रश बदलूनही उघडणाऱ्या खिडकीइतकी शांतता मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पुढे कधी काच बदलाल तेव्हा दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. ६ आणि ४, किंवा एक बाजू लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर चिकटवलेली), असं घेतलं तर आवाज जास्त अडतो.

उन्हाबद्दलही अपेक्षा नीट ठेवा. साधी पारदर्शक डबल काच बाहेरची गरम हवा अडवते, पण थेट पडणाऱ्या उन्हाची बरीच उष्णता आत सोडते. हा बिघाड नाही. पश्चिमेला छज्जा, बाहेरून बांबूचा पडदा किंवा हिरवी जाळी यांचा परिणाम लगेच जाणवतो. आतून काळी फिल्म चिकटवायचा मोह होतो, पण आधी काच पुरवणाऱ्याला विचारा. फिल्ममुळे काच जास्त तापते, साधी काच तडकू शकते आणि वॉरंटीही जाऊ शकते.

पल्ला खाली बसला, सरकत नाही

काचेचं वजन प्रत्येक चौरस मीटरला आणि प्रत्येक मिलिमीटर जाडीला अडीच किलो धरतात. ४ बाय ३ फुटांच्या खिडकीत ५ आणि ५ची डबल काच म्हणजे नुसत्या काचेचेच सुमारे २८ किलो. एवढं वजन रोलरवर आणि बिजागऱ्यांवर असतं, त्यामुळे पल्ला थोडा उतरणं साहजिक आहे. सरकत्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात, छोट्या बुचाखाली, रोलर वर-खाली करायचा स्क्रू असतो. तो थोडाथोडा फिरवून पल्ला समतल करा. रोलरच झिजले असतील तर बदलून घ्या. उघडणाऱ्या पल्ल्यात काचेचे ठोकळे तिरके, बिजागरीकडच्या खालच्या आणि समोरच्या वरच्या कोपऱ्यात लावून पल्ला पुन्हा उचलता येतो. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, पण त्याला एवढं नक्की सांगा: "ठोकळे बघा, बिजागरी लगेच बदलू नका."

काचेला तडा गेला

तडा काचेच्या कडेपासून काटकोनात सुरू होऊन पुढे वळत गेला असेल, तर तो बहुधा उष्णतेचा. अर्धी काच उन्हात, अर्धी सावलीत. किंवा काचेला आतून पुठ्ठा, जाड पडदा टेकलेला. एका बिंदूपासून चहूकडे रेषा गेल्या असतील तर काहीतरी आदळलंय. टफन काच तडकत नाही, तिचे एकदम बारीक खडे होतात. कधी कुणी हात न लावताही ती फुटते, कारण काचेत राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण काळाने फुगतो. असं झालं तर तुकडे झाडायच्या आधी फोटो घ्या. जिथून फूट सुरू झाली तिथे बऱ्याचदा फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे जोडून असतात, आणि तोच पुरावा ठरतो.

काच अजून जागेवर असेल तर दोन्ही अंगांना रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा, पल्ला उघडू नका आणि खाली लोक येत-जात असतील तर तिथे अडथळा लावा.

काच बदलून घेताना

पोकळीतल्या धुक्यावर उपाय एकच, त्याच चौकटीत नवा डबल काचेचा संच. काचेला भोक पाडून आत कोरडी हवा सोडण्याची युक्ती कुणी सुचवेल. सील तुटलेलंच राहतं, त्यामुळे ओल परत येते. टफन काचेला तर भोक पाडताच येत नाही, ती तिथेच फुटते.

जुन्या काचेच्या स्पेसरवर किंवा कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव, काही वेळा तारीखही छापलेली असते. काच काढण्याआधी तिचा फोटो घ्या. नव्या संचाची एकूण जाडी जुन्याइतकीच हवी, नाहीतर बीडिंग बसणार नाही. माप बीडिंग काढूनच घ्यायला लावा. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही आणि संच पुणे किंवा हैदराबादहून यायचा असेल तर चुकलेल्या मापाचा अर्थ पुन्हा काही आठवडे थांबणं. टफन काचेच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह कोरलेलं आहे का बघा. भारतीय मानक आयएस २५५३ आहे.

बसवताना समोर उभे राहा. खाली दोन ठोकळे, दोन्ही कडांपासून काचेच्या रुंदीच्या साधारण पाव अंतरावर, असलेच पाहिजेत. ते भोकांसमोर येऊन पाणी अडवत नाहीत ना, हेही बघा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काचेच्या कडेला नको, त्यातल्या आम्लाने डबल काचेचं सील खराब होऊ शकतं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. दर विचारताना चौरस फुटाच्या भावात जुनी काच काढणं, वाहतूक, परांची आणि जीएसटी धरलाय का, हे लिहून घ्या.

वॉरंटी आणि तक्रार

खिडकीची वॉरंटी एक नसते. प्रोफाइलची (चौकटीच्या पट्ट्यांची) वेगळी, हार्डवेअरची वेगळी, काचेच्या सीलची वेगळी. चौकटीवर मोठ्या कंपनीचं नाव असलं तरी ती कंपनी फॅब्रिकेटरच्या कामाची जबाबदारी घेईलच असं नाही, म्हणून बिल आणि वॉरंटीचा कागद कुणाच्या नावाने आहे ते आधी बघा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी लेखी मेसेज पाठवा. असा:

"नमस्कार साहेब, तुम्ही बसवलेल्या हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीत दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं आहे. दोन्ही बाजूंनी पुसून जात नाही. खालची भोकं साफ आहेत, व्हिडिओ सोबत पाठवतो. बिल आणि वॉरंटीचा कागदही जोडला आहे. पूर्ण खिडकी नको, त्याच मापाचा नवा डीजीयू बदलून हवा. येत्या आठ दिवसांत येऊन माप घ्यावं आणि कधी बदलणार ते लेखी कळवावं."

खिडक्या बिल्डरकडून फ्लॅटसोबत आल्या असतील तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याचं कलम १४(३) तुमच्या बाजूने आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. इथेही सांगणं लेखीच हवं. एकाच इमारतीत अनेकांच्या खिडक्यांत धुकं असेल तर सोसायटीने एकत्र पत्र द्यावं, त्याचा जोर वेगळा असतो.

स्वतः खिडक्या करून घेतल्या असतील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कंपनी परगावची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत फॅब्रिकेटर वेळ काढत राहिला तर या तारखेकडे लक्ष ठेवा आणि त्याचे सगळे मेसेज जपून ठेवा.